सोलारच्या कागदावर आजीची सही

॥ श्री ॥
निमगाव केतकी, ता. ३ मे २०२५

चि. सौ. सुप्रियास आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हितं समदी धडधाकट हायती. फोनच केला असता, पण तुझा बाप कुंडलिक फोन स्पीकरवर टाकून गावभर दवंडी पिटतो. म्हणून ही चिठ्ठी गोकुळच्या भाजीच्या टेम्पोत देते.

कुंडलिकनं गच्चीवर सोलार बसवायचं डोक्यात घेतलंय. तुझ्या आज्याच्या माघारी लाईटचं मीटर माझ्या नावावर झालं, त्यामुळं सही माझी लागती. रोज कागद घेऊन मागं फिरतो. लहानपणी पाटी घेऊन असा फिरला असता तर कलेक्टर झाला असता. समदी गच्ची काचांखाली गेली, तर वाळवण काय तुझ्या आईच्या डोक्यावर घालू? तीस वर्षं माझ्या कुरडया निमगावच्या बाजारात जात्यात. गच्ची गेली की मी नुसती खायला बसलेली म्हातारी.

म्हणून मी म्हणलं, यंदा वैशाखातच आभाळ भरतंय, ढगात कसली वीज? तो म्हणतो, ढगातबी होती. तुमच्या जळोचीच्या घरावर सोलार हाय. ढगात ते निकामी होतं, एवढं लिहून पाठव. शुक्रवारी बसवणारा येतोय. त्याच्या आत तुझं पत्र कुंडलिकच्या तोंडावर मारते.

लेकरा, तब्येतीला जप, अन् उत्तर लांबवू नको.
तुझी आजी

जळोची, ता. ६ मे

ती. आजीस सुप्रियाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी चिठ्ठी कोथिंबिरीच्या जुडीत मिळाली. अगं, तुला हवं तेच घडतंय! आधी वीज भरपूर व्हायची. पंधरा दिवसांपूर्वी ढग आले आणि निम्म्यावर आली. आमचे हे रोज मोबाईलवर आकडे बघतात. सकाळी नवाला झकास, दहाला धपकन खाली, चारनंतर पुन्हा जराशी वर. मामंजी म्हणतात, ढगच. कंपनीचा माणूस संध्याकाळी येऊन गेला, त्याला काहीच सापडलं नाही. गंमत म्हणजे रविवारी आम्ही दोघं घरी असतो, तेव्हा ढग असूनही वीज पुरेपूर! मामंजी म्हणतात, ढगांनाही रविवारची सुट्टी असते.

मामंजींचे गुडघे दुखतात, म्हणून गच्चीवर सासूबाईच जातात. काचा पुसायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय, दुसऱ्या कुणाला वर येऊ देत नाहीत. तुला त्यांनी डबाभर कुरडया दिल्यात. एवढ्या ढगात दोन दिवसांत कशा खडखडीत वाळल्या बघ.

बाबांना हे पत्र खुशाल दाखव. रागवत जा, पण माया पातळ करू नकोस.
तुझी सुप्रिया

निमगाव केतकी, ता. ८ मे

चि. सौ. सुप्रियास आशीर्वाद. वि. वि.

तू बँकेत लोकांच्या सह्या तपासतीस, अन् घरातली चोरी दिसंना व्हय? डबा उघडून एक कुरडई मोडली, कटकन वाजली. ढगात दोन दिवसांत अशी वाळायला खाली तापलेली काच लागती. तुमी कामावर गेला की तुझी सासू काचांवर लुगडं अंथरून कुरडया घालती, अन् तुमी यायच्या आत उचलती. खोटं वाटत असंल तर एक दिवस दुपारी घरी जा. पण शालन विहीणबाईंना टाकून बोलू नको. ढगातबी झकास वाळल्या, मीठ तेवढं जरा जास्त पडलंय, एवढंच सांग. त्या काय ते समजत्याल.

तुझं पत्र दाखवलं असतं तर कुंडलिक कायमचा गप बसला असता. काल दोनदा त्याच्यासमोर कनवटीतनं काढलं अन् दोनदा आत सारलं. पण कुरडई काय माझ्यासाठी खोटं बोलायची न्हाय. ढगात ती वाळली, म्हंजी ढगातबी ऊन हाय.

आज सही केली. अट एकच घातली, गोठ्याच्या पत्र्यावर बसव. तो म्हणला, गच्चीच्या कडंला बसवू, निम्मी गच्ची तुला ऱ्हाईल. मी न्हायच म्हणलं. त्याला वाटलं, म्हातारी हट्टी. खरं कारण तुलाच सांगते. समज, वर आभाळ भरलंय, हातात कुरडयांचा ताजा चीक हाय, अन् दोन पावलांवर काच तापलीया. एक दिवस दम काढीन, दोन दिवस काढीन, तिसऱ्या दिवशी मीबी लुगडं अंथरीन. गोठ्याला जिना न्हाय, तेच बरं. शिडी माझ्या नजरंआड ठेवायला सांगितलीया.

जमंल तेवढा जीव लाव, जास्तीचा नको.
तुझी आजी, छबूबाई