मागे बसणारा

प्रिय एकार्ट,

हे पत्र टाकणार नाही. तुला आता स्वतःचं नावही वाचता येत नाही.

आज पलंगावरून विचारलंस, "तुम्ही कोण?" भाऊ म्हणायला जीभ रेटेना. मग शर्यतीआधी आउग्सबुर्गच्या कालव्याकाठी करायचो तसे डोळे मिटले आणि हवेत वल्हं मारत, आपण जिंकलेल्या शर्यतीतलं, पाण्यावर टांगलेल्या दोन खांबांमधलं एकेक दार पार करू लागलो. पापण्यांच्या फटीतून पाहतो तर तुझेही हात चालू! आपल्या दोघांच्या होडीत पुढे बसून वळायचास तसाच वळत होतास.

शेवटच्या दाराशी मी चुकलो.

"डावीकडे, गाढवा! फोल्कमार, झोपलास काय?"

मी डोळे उघडले.

"तुम्ही कोण?" तू पुन्हा विचारलंस.

"मागे बसणारा."

तू मान डोलावलीस, आणि पलंगावर पुढे सरकून मला मागे जागा करून दिलीस.

तुझाच,
फोल्कमार