तुपाच्या कंट्रोलरचं सोवळं

तीर्थरूप मामाजी,

शंभूचा वाकून नमस्कार (टेबल नाही, मांडीवर कागद ठेवून लिहितोय, त्यामुळे आधीच वाकलेला आहे). तुमची गिरणी कशी चाललीय, गुडघा काय म्हणतो, मामी कशा आहेत? मी बरा आहे. पुण्याचं पाणी बाधलं नाही, माणसं जरा बाधतात. फोनच करणार होतो, पण तुम्ही तिकडून हॅलो हॅलो करता, मला लाज वाटते आणि मी ठेवून देतो. म्हणून हे लिहून मामींच्या मोबाईलवर फोटो टाकतोय.

बिबवेवाडीत राजसदादांचा तूप कढवायचा कारखाना आहे, तिथे मी लागलो हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या मोठ्या कढईला सेन्सर आहे. तूप किती तापलं ते तो वायरीतून कंट्रोलरला कळवतो. कंट्रोलरवर एकेका वायरीला एकेक चॅनल असतो, जसं वाशिमच्या स्टँडवर एकेका गाडीला एकेक फलाट. आमची कढई तीन नंबरला लागते. तर सोमवारी कढई रिकामी, गॅस बंद, झाकणावर मांजर झोपलेलं, आणि स्क्रीनवर तापमान तीनशे बारा! इतकं दिसलं की कंट्रोलर गॅस पेटूच देत नाही, त्यामुळे दिवाळीचं सगळं तूप अडकलं. राजसदादा म्हणाले, "मग हे मांजर अजून तळलं कसं नाही?" (इथे काळजी अशीच करतात.)

इंजिनियर यज्ञेश्वर सरांना बोलावलं. त्यांनी सेन्सर बदलला, तीनशे बारा. वायर बदलली, तीनशे अठरा. मग चिडून वायर काढूनच टाकली, तरी तीनशेच्या वर! पॅकिंगमधली निकिता म्हणाली, "सर, तुम्ही जरा लांब उभे राहा ना, तुम्हाला बघूनच ताप येत असेल त्याला." शेवटी सरांनी तीच वायर घटकाभर दोन नंबरला लावून बघितली, तर एकोणतीस. म्हणजे मांजर खरं, चॅनल खोटा. बॅटरी मारून आत बघितलं तर तीन नंबरच्या स्क्रूंवर हळदीकुंकवाचा ओला गाळ, आणि वर अक्षतेचा एक दाणा.

ते कोणाचं काम आहे ते सगळ्यांना माहीत होतं. खंडेनवमीला राजसदादांच्या आईंनी, म्हणजे वेणूबाई आजींनी, कारखान्यातल्या सगळ्या मशीनींची पूजा केली. कंट्रोलरमध्ये देव नेमका कुठे बसतो ते त्यांना कळेना. तीन नंबरजवळ बारीक दिवा लुकलुकत होता, तिथे त्यांनी बोट टेकलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. त्यांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून रोज येतात (कसबा पेठेतून, रिक्षाने, तांब्या मांडीवर धरून).

सर म्हणाले, तीन नंबर कामातून गेला, चार नंबर रिकामा आहे, कढई त्याच्यावर घेतो, पण पाणी थांबलं नाही तर तोही जाईल. आता आजींना सांगणार कोण? राजसदादा छताकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. "तू दिवसाला दोन शब्द बोलतोस, तुझं तिला लागणार नाही. उद्या सांगून टाक. हेही जमलं नाही ना शंभू, तर गाडी धर आणि गावाला जा. मुका माणूस मी किती दिवस सांभाळू?" मामाजी, मला परत यायचं नाहीये. नववीपर्यंत शाळेत मला काहीच कळलं नाही, आणि इथे मला वायरी कळायला लागल्यात.

दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलरच्या पेटीच्या, म्हणजे पॅनलच्या, पुढ्यात उभा राहिलो. आजी तांब्या घेऊन आल्या. "सरक." मी सरकलो नाही. "काय रे, चिकटवलंय का तुला?" तुमच्या हळदीकुंकवाने बिघाड झाला, असं म्हणायचं रात्रभर पाठ केलं होतं. पण त्यांचं तोंड बघून ते वाक्य घशातूनच परत गेलं आणि दुसरंच बाहेर आलं. "आजी, मशीन सोवळ्यात आहे."

आजींनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं सुटलो. त्यांनी खुर्ची मागवली आणि पॅनलच्या दाराशी बसल्या. "मग पारोशाने कोण शिवतंय ते बघतेच." आता चार नंबरला वायर लावायची तर सरांना आंघोळ आली. डबे धुवायच्या नळाखाली, गार पाण्याने. मग राजसदादांचा लग्नातला कद नेसून, उघड्या अंगाने, सर लॅपटॉप घेऊन पाटावर बसले. आजींनी लॅपटॉपवर तुळशीपत्र ठेवलं. तेवढ्यात पॅकिंगच्या सगळ्या मुली तहान लागली म्हणून पॅनलपाशी आल्या (पाण्याची टाकी तिकडे नाहीच). पण स्क्रीनवर एकोणतीस आलं, गॅस पेटला आणि तूप कढलं. राजसदादा मला म्हणाले, "राहा. पण पुन्हा बोलू नकोस."

मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
शंभू

ता. क. मशीनला सोवळं असतं हे तुला कोणी सांगितलं, असं आजींनी विचारलं होतं. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही पहाटे नाहून, मंत्र म्हणूनच गिरणी सुरू करता, असंही माझ्याकडून बोललं गेलं. (एकदा बोलायला लागलं की थांबता येत नाही, हे मला माहीत नव्हतं.) आजींचा फोन आला तर नुसतं हो हो म्हणा.

आणखी ता. क. फोन येणार नाही. आजी स्वतःच निघाल्यात, तुमचं शास्त्र शिकायला. रविवारी सकाळी पोचतील. गिरणीचा जुना पट्टा चामड्याचा आहे, तो कुठेतरी लपवा. मंत्र कुठलाही चालेल. बाकी काही जमलं नाही तरी हरकत नाही, पण मामाजी, त्या दिवशी तरी आंघोळ.