बाकावर बसणारी बाई

प्रिय अहो,

जन्मभर ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने लिहिते. तुम्ही होतात तोवर पत्र लिहायची वेळच आली नाही. रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण आपलं घर विकायचं की नाही, याचा निकाल काल लागला आणि तो आधी तुम्हालाच सांगायला हवा.

घाबरू नका, रडगाणं नाही हे. एक छोटीशी तक्रार आहे, ती मध्ये कुठेतरी येईल.

इंगोलश्टाट शहरातल्या भाड्याला कंटाळून आपण या गावात आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून उंच खांबांवर चढलेले हॉप्सचे वेल दिसायचे. तुम्ही म्हणायचात, "बघ, नाशिकची द्राक्षं बिअरच्या नादी लागली!" आता तिथे एकासारखी एक जोडघरं उभी आहेत. म्युनिकमध्ये राहणं परवडत नाही म्हणून आलेली तरुण जोडपी सकाळी लवकर निघतात, कोणी मोटारींच्या कारखान्याकडे, कोणी म्युनिकच्या गाडीला. पगाराचा केवढा तरी वाटा पेट्रोलमध्ये आणि पासात जातो, असं सगळीच कुरकुरतात. दिवसभर गावात मी, मांजरं आणि चर्चची घंटा.

आता ती तक्रार. पुण्याहून तुमच्या कारखान्यात आलेल्या कितीतरी मुलांना तुम्ही इथल्या लायसन्सच्या परीक्षेसाठी तयार केलंत. शेजारी बसून, आवाज न चढवता! मी विचारलं की मात्र, "तुला कशाला? मी आहे ना!" अहो, होतात. मग नव्हतात. आता माझ्या डोळ्यांची अवस्था पाहून डॉक्टरच नको म्हणतात. आणि बस? ती शाळेच्या मुलांसाठी. शाळेला सुटी की बसलाही सुटी.

म्हणून केतकीचा फोन आला. "आई, एक बिल्डर विचारतोय. घर पाडून फ्लॅट बांधणार आहे. चांगली किंमत देतोय. तू आमच्याकडे म्युनिकला ये."

"तुमच्या घरात मी झोपू कुठे?"

"लीनाच्या खोलीत."

"आणि माझी नात कुठे झोपणार?"

"आल्झो... म्हणजे... बघू ना गं काहीतरी!"

पोरीचा जीव तुटतो माझ्यासाठी, मला का कळत नाही? रविवारी येते, तेव्हा नक्की सांग, म्हणाली.

गावाच्या टोकाला नगरपालिकेने ठेवलेला तो निळा बाक आठवतो? मिटफारबांक. त्यावर बसलं की येणाऱ्या गाडीने थांबायचं आणि बसलेल्याला शहरात न्यायचं. तुम्ही किती हसला होतात! "मोटारींच्या जिल्ह्यात लिफ्टचा बाक! म्हणजे हलवायाच्या दारात उपास!"

मी तो बाक पार विसरले होते. गेल्या वसंतात शेतावरच्या दुकानातून बटाटे घेऊन येत होते. गुडघे बोलायला लागले म्हणून जरा टेकले, तर एक गाडी थांबली. आत हॅटवाले आजोबा. "आइनश्टाइगन, बिट्टे!" बसा, म्हणाले. मी सांगणार होते की मी नुसती टेकले आहे. पण तेवढ्यात त्यांनी कण्हत वाकून शेजारच्या सीटवरचं सामान मागे टाकलं आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. वयाने मोठ्या माणसाने एवढी तसदी घेतल्यावर 'नको' कसं म्हणायचं, सांगा! यजमानांनी ताटात टाकलेली तिसरी जिलबी आपण खातोच ना? तशी बसले.

मांडीवर बटाटे, पायात घरातल्या सपाता, आणि मी थेट इंगोलश्टाट स्टेशनवर! आजोबांनी उतरताना हॅट उचलली. मीही कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं हसू हसले आणि टॅक्सी करून परत आले. टॅक्सीत एकटीच खुदखुदत होते. अहो, तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मग मी मुद्दामच बसायला लागले. सिस्टर सांगायच्या तशी, पाठ ताठ, हात मांडीवर. 'अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये' असंही सिस्टरच सांगायच्या, तेवढं मी सोडून दिलं.

एकदा डॅन्यूब नदीच्या पुलावर अडकलो. कारखान्याची पाळी सुटली होती. पुढे लाल दिवे, मागे पांढरे. इंचभर सरकायचं, थांबायचं. मला बसल्या बसल्या धाप लागली. तुम्ही रोज यातून यायचात? इतकी वर्षं? आणि दारात आल्यावर एकच प्रश्न, "काय गं, आज जेवायला काय?" या रस्त्याचं कधी एक अक्षर बोलला नाहीत. मला अंगण मिळालं, कढीपत्त्याची कुंडी ठेवायला उन्हाची जागा मिळाली, ती तुमच्या त्या पुलावरच्या संध्याकाळींवर. तिथेच, मनातल्या मनात, तुम्हाला थँक्यू म्हटलं. समोर असतात तर म्हणाला असतात, "हे काय नवीन?"

त्या दिवशी गाडी चालवत होता योनास. नवीन घरांतला, जर्मनीतल्याच सॅक्सनीहून आलेला. त्याच्या बोलीवरून गावातले अजून त्याची टिंगल करतात. मी त्याला दाखवत होते, इथे हॉप्स होते, इथे दूध मिळायचं, हा रस्ता गारठ्यात आधी गोठतो. तो म्हणाला, "फ्राउ कुलकर्णी, तुम्ही अगदी इथल्याच!" मी म्हटलं, "याऽ, गेनाऊ." हो, इथलीच. अगदी सहज म्हणून गेले. पुलावरून उतरल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं.

आता काल. केतकी लीनाला घेऊन आली, ट्रेनने आणि पुढे टॅक्सीने. म्युनिकमध्ये गाडी ठेवणं त्यांना नकोच वाटतं. बाकाचं ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "आई! रस्त्यावर बसून लिफ्ट मागतेस? बाबांना काय वाटलं असतं?"

"आधी चिडले असते. मग रंगाचा डबा घेऊन बाक रंगवायला गेले असते."

ती हसली नाही. मला शेजारच्या फ्राउ हूबरना भेटायला दवाखान्यात जायचं होतं, खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. म्हटलं, चल, बघ तरी. तिघी जाऊन बसलो.

आणि कोणी थांबेना! रविवार, गाड्या माणसांनी भरलेल्या. लीना पाय हलवत जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, कोणीच येत नाहीये." 'बघ' हा शब्द केतकीच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. माझीही खात्री डळमळली. म्हातारीचा हट्ट तर नाही ना हा? मग केतकीच हळूच म्हणाली, "किती दिवसांनी अशी नुसती बसलेय गं मी."

शेवटी एक बाई थांबली, मागे मुलांच्या खुर्च्या. जागा एकच. मला वाटलं, केतकी आता टॅक्सीला फोन करणार. तिने हातात मोबाइल धरलाच होता. मग तो पर्समध्ये टाकला, माझी शाल नीट केली, दार उघडलं आणि म्हणाली, "तू जा, आई. आम्ही घरी जाऊन भात टाकतो." त्या बाईला मात्र तिने इतक्या सूचना दिल्या, जसं काही मीच शाळेला निघाले होते!

संध्याकाळी परतले तर भात तयार होता, जरा करपलेला. जेवताना केतकी ताटाकडे बघत म्हणाली, "बिल्डरला नाही म्हणून कळवलंय. आता खूश?"

खूश आहे हो मी.

तुम्हाला एक शब्द देते. जोवर हे घर मला पेलतंय तोवर इथेच राहीन. ज्या दिवशी पेलणार नाही, त्या दिवशी लेकीला मी स्वतः सांगेन, तिला ओढून न्यायला लावणार नाही. तोवर उगीच काळजी करू नका. उद्या दवाखान्यात सूप पोचवायचंय. हवा गार आहे, स्वेटर घालून बसेन.

तुमचीच,
शैला