सासऱ्यांच्या खुर्चीचा चार्जर

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण : गोदामात सेफ्टी इनचार्ज झालो. जबाबदार माणसाने नोंदी ठेवाव्यात. मिळालं काय : एक शिट्टी, एक पिवळं जॅकेट आणि ‘तपासले’ छापलेल्या हिरव्या स्टिकरचा अख्खा रोल. जॅकेट पोटावर ताणतं. वजन कमी करणे – उद्यापासून.

५ मार्च
दोन दिवसांत एकशे दहा वस्तूंना स्टिकर! माझी पद्धत सोपी : आधी स्टिकर लावत सुटायचं, तपासणी मागाहून, सवडीने. वायरमनने विचारलं, मीटर कुठाय. त्याला म्हटलं, अनुभवी माणसाची नजर हाच मीटर. कपाळाला हात लावून निघून गेला. पटलं असावं.

८ मार्च, रविवार
सासऱ्यांच्या बॅटरीवरच्या खुर्चीचा चार्जर गेला. गुडघे दुखायला लागल्यापासून ते त्या खुर्चीतून रोज सकाळी बागेत मित्रांकडे जातात. एकटे, ऐटीत. खुर्ची बंद म्हणजे दिवसभर घरात बसून आमच्या संसारात लक्ष घालणार. ही म्हणाली, कंपनीचाच चार्जर मागवा. काही गरज नाही. आत सगळीकडे तीच तार असते.

१० मार्च
आणला! फुटपाथवरून, कंपनीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात. पिन चपखल बसली. पिन बसली की विषय संपला. बॅटरीवर २९ व्होल्ट लिहिलंय, चार्जरवर ४२. म्हणजे दमदार आहे. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं, पण ते असो.
सासऱ्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला, कंपनीचं नाव कुठंय म्हणून विचारलं. मी खिशातून रोल काढला आणि हिरवा स्टिकर चिकटवला. त्यांचा चेहरा खुलला. जावईबापूंनी तपासलंय म्हणजे काळजी नाही, असं हिला दोनदा म्हणाले. लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यांनी माझं कौतुक केलं ते आज पहिल्यांदा. फार बरं वाटलं.

१३ मार्च
चार्जर तापतो. चटका बसण्याइतका. काम करणारी वस्तू तापतेच. बॅटरी भरल्यावर हिरवा दिवा लागायला हवा, तो लागत नाही. दिवा खराब असेल. ही म्हणते, कसलातरी वास येतोय. नव्या वस्तूला येतोच. खिडकी उघडून दिली.

१७ मार्च
बॅटरी जराशी फुगलीय. खुर्चीच्या खणात परत जाईना. गुडघ्याने दाबून बसवली. गोदामात सहज, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून वायरमनला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, लिथियमला जास्त व्होल्ट दिले आणि भरल्यावर चार्जर थांबला नाही, की ती आतून पेट घेते. त्या माणसाला म्हणावं, आत्ताच्या आत्ता प्लग काढ, बॅटरी बाहेर मोकळ्यावर ठेव.
भित्रा आहे बिचारा. घरी फोन करणार होतो, पण हिला कारण सांगत बसावं लागलं असतं. संध्याकाळी पाहू.
संध्याकाळी राहून गेलं.

१९ मार्च, सकाळ
आज गोदामात माझं भाषण. विषय : बॅटरीची सुरक्षितता. मुद्दे वायरमनचे, मांडणी माझी.

१९ मार्च, सायंकाळ
भाषण रंगलं. स्वस्तातले चार्जर वापरणाऱ्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. टाळ्या चालू असतानाच हिचा फोन आला. स्टुलावर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून फसकन धूर आला आणि पाठोपाठ जाळ. सासरे शेजारच्या पलंगावर पेपर वाचत होते. हिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर काढलं, खोलीचं दार बाहेरून लावलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. दोघंही सुखरूप आहेत. पलंग, पडदे, अर्धी भिंत गेली. खुर्ची तेवढी दुसऱ्या खोलीत होती.
घरचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढलो. हिने माझ्या हातात झाडू दिला आणि आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मार्च
अग्निशमनवाल्याने जळका चार्जर उचलून विचारलं, हा तपासला कुणी. अर्धा स्टिकर शिल्लक होता. मी खोकलो. सासरेच म्हणाले, बाजारातून असाच आला होता.
मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२३ मार्च
नवी बॅटरी आणि कंपनीचा चार्जर यायला पंधरा दिवस आहेत. तोवर रोज सकाळी मी स्वतः खुर्ची ढकलत सासऱ्यांना बागेत नेणार. माझा व्यायाम होईल, आणि त्यांचा विश्वास आठवड्याभरात परत बसेल. जास्तीत जास्त दहा दिवस.

२४ मार्च
सुरुवात उत्तम. खुर्ची जड आहे, पण जमलं. सासरे रस्ताभर खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते. बागेच्या अलीकडे उतार लागतो. तिथे म्हटलं, बाबा, बिनधास्त बसा, मी घट्ट धरलंय.
त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ब्रेक लावायला सांगितला. मग खुर्चीतून उठले, आणि कठडा धरून, कण्हत, एकेक पाऊल टाकत अख्खा उतार चालत उतरले.
रिकामी खुर्ची घेऊन मी मागोमाग गेलो.