डावा बूट गळतो

जावईबापू,

भरतीचा भोंगा तीन सुरांत वाजला, म्हणजे दहापर्यंत खालच्या दारात गुडघाभर पाणी. त्याआधी मासळी आणायला निघाले. दाराला फळी लावली आहे, ती काढू नका, ओलांडून जा. मागच्या खेपेला तुम्ही रबरी बूट खाली दाराशी ठेवलेत आणि ते तरंगत तुमच्याआधी स्टेशनात पोचले. गल्ली अजून हसते आहे! व्हेनिसमध्ये बूट वर, पलंगाखाली ठेवतात. तिथे आमच्या ह्यांचे आहेत. ते गेल्यापासून कुणाला घालू दिले नाहीत. तुम्ही घाला.

ओर्नेल्ला रुसून मावशीकडे गेली आहे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे, म्हणून सांगत नाही. पुलापलीकडचं हिरवं दार. पाणी उतरायची वाट बघू नका. डावा बूट गळतो, गळू दे. भिजलेल्या माणसाच्या तोंडावर ती दार लावणार नाही.

झानेत्ता