विद्यापीठाला काहीच माहीत नव्हतं

२ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकटकाळात जबाबदार माणसाने नोंदी ठेवाव्यात. कोणी वाचावं म्हणून नाही. कोणी वाचूही नये.

संकट असं. आमच्या विद्यापीठाच्या संघांचा फिजिओ, वीस वर्षं खेळाडूंचे खांदे-गुडघे बघणारा माणूस, त्याला काल पोलिसांनी उचललं. उपचाराच्या नावाखाली मुलींशी नको ते केलं, असा आरोप. बोलणारी आमचीच जुनी भालाफेकपटू, आता एका शाळेत खेळ शिकवते. तिच्या पाठोपाठ आणखी चौघी. वाईट झालं. फार वाईट. चहा अर्धा टाकला.

पण बातमीची शेवटची ओळ: 'विद्यापीठाला सहा वर्षांपासून माहीत होतं.' ही मात्र हद्द झाली. विद्यापीठाला कसं माहीत असेल? विद्यापीठ म्हणजे इमारती.

निश्चय: ताठ मान. कोणासमोर झुकायचं नाही. रोज सकाळी चालायला जायचं (उद्यापासून).

२ सप्टेंबर, दुपारी
कुलसचिवांनी बोलावलं. म्हणाले, क्रीडा विभागाचे उपसंचालक म्हणून तुमच्याकडे कधी तक्रार आली होती? मी ठणकावून सांगितलं, लेखी नाही. त्यांचा चेहरा एकदम खुलला. जागच्या जागी मला समन्वय अधिकारी नेमलं. बाहेरची चौकशी समिती येणार, तिला माहिती मी पुरवणार. संचालक आजारी रजेवर. म्हणजे सेनापती मीच.

पहिला हुकूम सोडला: 'समितीस सर्व माहिती तात्काळ व विनाविलंब पुरवावी.' सही मोठी केली.

३ सप्टेंबर
चालायला गेलो नाही. गुडघा दुखतोय. दाखवायचा कोणाला, हाही प्रश्नच झालाय आता.

निवेदन लिहिलं. 'विद्यापीठ अशा प्रकारांबाबत शून्य सहनशीलता बाळगते.' शून्य जाड टायपात. टाइप करायला आमच्या आवक-जावकच्या बाईंना दिलं. तीस वर्षं त्याच टेबलाशी, चष्मा गळ्यात दोरीला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, सर, शून्य काय, सहनशीलता की माहिती? मी म्हटलं, टाइप करा.

बाईंना विनोदाची जाण नाही. की आहे?

४ सप्टेंबर
पाचही जणी स्टेडियमच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. हातात एक पुठ्ठा. 'आमचं पत्र दाखवा.' बस्स, तीन शब्द. घोषणा नाहीत, माइक नाही. घोषणा दिल्या असत्या तर परवानगी विचारता आली असती. नुसतं बसणाऱ्यांचं काय करायचं, यावर परिपत्रकच नाही.

स्वतः गेलो. खेळीमेळीने मिटवतो म्हटलं. भालेवाली उठून उभी राहिली. सर, ओळखलंत का? मी म्हटलं, म्हणजे काय! रिले संघ ना? ती म्हणाली, भाला.

मी म्हटलं, माणूस आत गेला, आता कशाला बसताय? ती शांतपणे म्हणाली, "त्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. आम्ही तुम्हाला विचारायला आलोय. आतून कडी लागणारी खोली त्याला कोणी दिली? एकेकटीलाच पाठवायचं हा नियम कोणी केला? आणि आम्ही लिहिलं होतं, त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, हे सगळं घेऊन योग्य मार्गाने या.

ती म्हणाली, "योग्य मार्गानेच आलो होतो, सर. तुमच्याच केबिनच्या दारातून."

केबिनमध्ये परतलो. माझ्या खुर्चीमागे तिचाच फोटो निघाला. आंतरविद्यापीठ सुवर्णपदक. एकोणीस वर्षांची असेल. शेजारी करंडक धरून मी. सहा वर्षं मी त्या फोटोकडे पाठ करून बसतोय.

मी छान आलोय फोटोत. केस होते.

५ सप्टेंबर
आठवलं. एक कागद आला होता बहुधा. पण सही नव्हती. बिनसहीच्या कागदाला पत्र म्हणत नाहीत. तेव्हा 'लेखी नाही' हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच.

६ सप्टेंबर
बाईंना सहज विचारलं. म्हणाल्या, सह्या होत्या. तिघींच्या. आवक क्रमांकही तोंडपाठ सांगितला.

असेल. पण विहित नमुन्यात नव्हता. तक्रार विहित नमुन्यातच यावी लागते.

दुपारी बाईंनी आणखी सांगितलं (मी विचारलं नव्हतं) की त्या वेळी विहित नमुना अस्तित्वातच नव्हता. तो नंतर चार महिन्यांनी मीच तयार केला. सात पानी. चार प्रती, दोन साक्षीदार. म्हणजे बघा, सुधारणा करणारा मीच! आणि खरोखर, त्या नमुन्यानंतर एकही तक्रार आली नाही. हे निवेदनात घालावं का?

बाई म्हणाल्या, नका घालू.

९ सप्टेंबर
पायऱ्यांवर एकतीस. जलतरणवाल्या, कुस्तीवाल्या, एक थ्रोबॉलची. कुणी कडेवर मूल घेऊन. एक पांढऱ्या केसांची हॉकीची गोलकीपर आली आहे, विद्यापीठ सोडून तिला एकोणीस वर्षं झाली. कुठून कुठून प्रवास करून येतायत.

तिने मला थांबवून विचारलं, आमच्या वेळी या खुर्चीत कोण होतं? मी छाती काढून सांगितलं, मी नव्हतो!

परत येताना जरा हिशेब केला. एकोणीस वर्षं. म्हणजे तेव्हाही फिजिओ तोच. मग मी कशाला एवढा खूश झालो, ते कळेना. तरी पण एक कालखंड असा सापडला जेव्हा मी नव्हतो. हेही थोडं नाही.

त्या बसतात. ऊन आलं की एक पायरी वर सरकतात. उठत नाहीत. मीही खिडकीतून हटणार नाही. बघू कोण थकतं.

(साडेपाचला मी निघालो. त्या होत्या.)

११ सप्टेंबर
घरातही आघाडी उघडली. आमची ही वाचनालयात काम करते, तिला तारखा लक्षात ठेवायची वाईट खोड. जेवताना म्हणाली, अहो, ती मुलगी तुमच्याकडे आली होती.

मी म्हटलं, लेखी नाही.

ती म्हणाली, "ताईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. तुम्ही ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आलात. कॉरिडॉरमध्ये उभं राहून मला सांगितलंत, हल्लीच्या पोरी, खांदा चोळला तरी तक्रार. आणि हसलात."

मी म्हटलं, तुझा ताण हलका करायला बोललो असेन.

"झाला हलका. मीही हसले. तेच मला आता खातंय." मग ताट उचलता उचलता म्हणाली, "समितीने मला विचारलं तर मी सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार."

बायकोची साक्ष ग्राह्य धरतात का? विधी विभागाला विचारायचं. नको. कशाला विचारायचं?

निश्चय: घरी या विषयावर मौन. (तिने माझ्याआधीच धरलं.)

१३ सप्टेंबर
कुलसचिवांनी दार लावून घेतलं. म्हणाले, जुन्या फायलींना वाळवी फार लागते. मी म्हटलं, हो, लागते. ते म्हणाले, आपल्याकडे जरा जास्तच. मग बराच वेळ छताकडे बघत राहिले.

मी इशारा समजलो. मान द्यावी लागली तरी बेहत्तर, संस्था वाचली पाहिजे. रेकॉर्ड रूमची किल्ली घेतली, एकटा गेलो. लोखंडी कपाट, तिसरा कप्पा. सगळ्या फायली होत्या. हवी ती नव्हती.

बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "समितीकडे गेली, सर. दोन तारखेलाच. पोच घेतली आहे."

कोणाच्या परवानगीने?

त्यांनी माझाच हुकूम पुढे केला. सर्व माहिती. तात्काळ. विनाविलंब. खाली ती मोठी सही.

मग म्हणाल्या, "तीस वर्षं लोक मला कागद देतात आणि विचारतात, बाई, पुढे जाईल ना? मी म्हणते, जाईल. एकदा तरी गेला पाहिजे ना, सर?"

कुलसचिवांना फोन केला. आपण कोण बोलताय, असं त्यांनी विचारलं.

१६ सप्टेंबर
उद्या सुनावणी. बावीस मुद्दे काढले, कार्डांवर. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिले. मुद्दा सात फार जोरकस: 'संस्था ही व्यक्तींपेक्षा मोठी असते.' मुद्दा सात म्हणताना उजवा हात वर.

उद्या दूध का दूध होईल. मी कोणाला भीत नाही.

रात्री तीनदा उठून कार्डं मोजली.

१७ सप्टेंबर
समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश. बारीक चणीच्या, आवाज हळू. समोर भालेवाली आणि त्या पत्रावर सही करणाऱ्या दुसऱ्या दोघी. एका बाजूला आवक-जावकच्या बाई, दोन्ही नोंदवह्या घेऊन.

मी कार्डं काढली. अध्यक्षा म्हणाल्या, ती राहू दे. पत्र मिळाल्यावर तुम्ही काय केलं, एवढंच सांगा.

मी म्हटलं, नियमानुसार पुढे पाठवलं.

कोणाकडे?

मी म्हटलं, संबंधितांकडे.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी जावक वही उघडली आणि वाचलं. तारीख, क्रमांक. 'तक्रार अर्ज मूळ प्रतीसह, अभिप्रायासाठी.' मग थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला. "प्रति, फिजिओ."

अध्यक्षांनी वही स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली.

मला हे आठवत नव्हतं. नाही, असं लिहायला नको. मी आठवलं नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, त्यात तिघींची नावं होती? मी म्हटलं, सह्या होत्या, म्हणजे नावं असणारच. मग त्यांनी भालेवालीला विचारलं, पुढे काय झालं.

ती उभी राहिली. "चौथ्या दिवशी त्याने मला खोलीत बोलावलं. माझं पत्र टेबलावर होतं. माझ्याच अक्षरातलं. म्हणाला, हे बघ, तुझं पत्र फिरून माझ्याकडेच येतं. कुठेही टाक. माझ्याकडेच येणार." पुढे म्हणाली, "पुढच्या महिन्यात खांदा अनफिट म्हणून मला संघातून काढलं. तो दाखला त्याचाच होता. सही उपसंचालकांची. या दोघींनी खेळच सोडला. मी नाही सोडला. मी गावोगाव फिरून बाकीच्या शोधल्या. सहा वर्षं लागली."

आवाज एकदाही कापला नाही. माझ्याकडे बघूनच बोलली सगळं. खाली बघत होतो तो मी.

अध्यक्षा म्हणाल्या, तुम्हाला काही सांगायचंय?

बावीस कार्डं हातात होती.

१८ सप्टेंबर
अभिप्राय मागवणं ही रूढ पद्धत आहे. कोणत्याही अधिकाऱ्याने हेच केलं असतं. दोन्ही बाजू ऐकणं म्हणजेच न्याय. माझा हेतू स्वच्छ

वरचं वाक्य सकाळी अर्धवट सोडलं. आता संध्याकाळ. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

ही आज समितीकडे जाऊन आली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. काय सांगितलं ते मला माहीत आहे.

९ ऑक्टोबर
अहवाल आला. एकशे चार पानं. पहिलंच वाक्य: 'विद्यापीठाला माहीत होतं.' पुढे कोणाला, कधी, कोणत्या क्रमांकाने. कुलसचिव आणि संचालक पदावरून दूर. यापुढे उपचाराच्या खोलीला आतून कडी नाही, खेळाडूसोबत तिच्या पसंतीचं माणूस, तक्रारी बाहेरच्या मंडळाकडे. सात पानी नमुना रद्द. त्रेचाळीस जणींना विद्यापीठाने लेखी माफी मागायची, प्रत्येकीला वेगळी, नाव घालून.

मी निलंबित. वाटलं होतं, निदान माझ्यावर एक प्रकरण असेल. मी शोधलं. पान एकसष्टवर दीड ओळ आहे. 'या अधिकाऱ्याने विरोध केला नाही, मदत केली नाही, चौकशी केली नाही. पत्र पुढे ढकललं.'

पायऱ्यांवर आज कोणी नव्हतं. पुठ्ठा पण घेऊन गेल्या.

१४ ऑक्टोबर
निश्चय: प्रत्यक्ष माफी. मान खाली घालून. चार पानं लिहिली, शुद्धलेखन हिला तपासायला दिलं. तिने न वाचता परत केलं.

१५ ऑक्टोबर
भालेवालीच्या शाळेच्या मैदानावर गेलो. सकाळी सात. ती मुलींना सराव देत होती. मी सरळ मैदानात शिरलो, पानं काढली. लांबून ओरडली, "सर, तुम्ही भाला पडतो तिथे उभे आहात. मागे व्हा. अजून मागे. लायनीच्या बाहेर!"

झालो बाहेर. मुली हसल्या. पाऊण तास उभा होतो. एकेक मुलगी धावत यायची, फेकायची, आणि ती अंतर मोजून प्रत्येकीला काहीतरी सांगायची. माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

शेवटी आली. टॉवेलने हात पुसत. मी वाचायला सुरुवात केली, 'त्या वेळची परिस्थिती लक्षात घेता...'

ती म्हणाली, "परिस्थितीपासून नको."

मी पुढचं पान पाहिलं. तिसरं पाहिलं. चारही पानांवर परिस्थितीच होती.

मग कागदाशिवाय एवढंच बोललो: "पत्र मी वाचलं होतं. पूर्ण. दोनदा."

तिने मान हलवली. "माहीत आहे, सर. मी समोर उभी होते."

आणि शिट्टी वाजवत मुलींकडे परत गेली.