मुका मार, डावा डोळा

मंगळवार, ४ फेब्रुवारी. संध्या. ७
फुटबॉलची सेमीफायनल. कॉर्नरचा बॉल थेट माझ्या डाव्या डोळ्यावर. पडलो नाही, फक्त बसलो. लाइनमन पिराजी म्हणाला, डॉक्टरकडं चला की. कशाला? रक्त नाही, खोक नाही. मुका मार. बर्फ लावला. रविवारी फायनलची शिट्टी माझ्याकडे आहे, अठरा वर्षांत पहिल्यांदा. उद्या डोळा साफ.

बुधवार, ५ फेब्रुवारी
साफ नाही. समोर लालसर धुकं. बायको शाहूपुरीत डॉ. ऐश्वर्यांकडे ओढत घेऊन गेली. त्या म्हणाल्या, मुकाच मार वाईट. बुबुळाच्या आत रक्त साठलंय, प्रेशर वाढलंय. उशा रचून पडून राहा. पळणं, वाकणं बंद. ड्रॉप वेळेवर. मनाने गोळ्या घेऊ नका. रोज तपासायला या. विचारलं, फायनल? म्हणाल्या, डोळा जाईल. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
निश्चय : संपूर्ण विश्रांती.
स. ११. विश्रांती झाली. गच्चीवर दहा फेऱ्या. पळालो नाही, भरभर चाललो. शिट्टी एकदाच फुंकली. ठणका उठला. शेजारच्या बायडाबाई खालून ओरडल्या, अवो पंच, डोळा फुटंल की! डोकं दुखायला लागलं म्हणून गोळी घेतली. डॉक्टर 'गोळ्या' म्हणाल्या होत्या, मी एकच घेतली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
तपासायला गेलो नाही. घरीच टेस्ट केली. उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. एक ते एकतीस, न अडखळता! संयोगिता म्हणाली, फेब्रुवारी अठ्ठावीसचा असतोय. बायकोला माझं बरं बघवत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
सकाळपासून उलट्या. डोळा आतून फुटतोय असं वाटतंय. संयोगिता म्हणाली, दवाखाना. मी म्हणालो, पित्त. पंचाचा निर्णय अंतिम असतो. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मलाही रडू आलं, पण डोळ्यावर ताण नको.

रविवार, ९ फेब्रुवारी. दु. ४
फायनल सुरू झाली असेल. शिट्टी पिराजीकडे. मी पंचाच्या ड्रेसमध्ये दवाखान्यात. जिन्यातच कोसळलो, संयोगितानं रिक्षात घातलं. आत पुन्हा रक्तस्राव झालाय. ऑपरेशनला नेतील, तोवर लिहितोय. फार भीती वाटतेय.
मघाशी डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि विचारलं, बॅटरीचा उजेड कुठून येतोय? मी चिडलो. म्हटलं, आधी लावा तरी.
मग संयोगिता हळूच म्हणाली, लावलीय हो.